दोन सूर्य

दुसऱ्या शनिवारी, साडेसहाला,
कर्वे रस्त्यामागच्या हॉलमध्ये
आम्ही एकमेकांच्या चुका भिंतीवर मोठ्या करून बघतो.
भिंतीत एक खिळा आहे.
प्रत्येकाच्या आकाशात तो येतो
आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

या खेपेचा विषय होता जोडचित्र.
किमान दोन फोटो, शिवण दिसता कामा नये.
बोथरांनी पाषाणच्या तळ्यावर
लडाखचा चंद्र आणून ठेवला होता.
केतकी लागूंचा बगळा
स्वतःच्याच प्रतिबिंबापेक्षा बारीक निघाला.
हसलो सगळे. त्याही हसल्या, जरा उशिरा.

मग माझं.
वेताळ टेकडी, सकाळचे सात,
वाळलेलं गवत, खाली धुरकट कोथरूड,
आणि गवतात उभे आडे,
हॉलचे रात्रीचे वॉचमन,
गणवेशात, हातात डबा.
त्यांना काढलं होतं गेटवर, संध्याकाळी,
ड्युटीवर येताना.
कड कापायला चार रात्री गेल्या.
कानाजवळचे केस एकेक सोडवले,
बाभळीतून मांजा सोडवावा तसे,
न तोडता.

पोंक्षे सरांनी लाल ठिपका
आधी गवतावर ठेवला, मग आड्यांच्या कानावर.
"बाई, तुमच्याकडे दोन सूर्य आहेत.
टेकडीवरचा डावीकडून, माणसावरचा उजवीकडून.
कुठला ठेवायचा तेवढं ठरवा."
दहापैकी साडेपाच.
त्यातला अर्धा केसांचा.

मी दिवसभर अप्पा बळवंत चौकाजवळ
पासपोर्टचे फोटो काढते.
लोकांच्या मागचं पुसणं हा माझा धंदा:
पडदा, कपाट, शेजाऱ्याचा खांदा,
कडेवरच्या बाळाला धरलेला आईचा हात.
कुणाच्या तरी मागे काहीतरी आणून ठेवावं
म्हणून मी या क्लबात येते.
हे काही सरांना सांगितलं नाही.
म्हटलं, "बघते."

बघितलं.
आड्यांना उजव्याचं डावं केलं.
सूर्य लगेच एक झाला,
पण छातीवरचं नाव उलटं पडलं,
घड्याळ दुसऱ्या मनगटावर गेलं,
भांगही फिरला.
आरशात दिसावा तसा माणूस,
फक्त आरशासमोर कोणी नाही.
नाव पुसता आलं असतं. सवयीचं काम.
बोट बटणावर होतं.
परत होते तसे केले त्यांना, आणि झोपले.

पुढच्या महिन्यात सभा संपल्यावर
आडे खुर्च्या एकात एक रचत होते.
छापलेली प्रत त्यांना दाखवली.
ट्यूबलाइटखाली धरून त्यांनी बराच वेळ पाहिली,
आधी डबा, मग बूट, शेवटी तोंड.
"हे कुठलं, ताई?"
"वेताळ टेकडी. आपल्या गच्चीवरून दिसते की."
"असेल. उजाडलं की मी झोपायला निघतो."
उन्हाबद्दल काहीच बोलले नाहीत.
मग प्रत माझ्या हातात परत देत,
"फोटो झकास आलाय.
मागचं तेवढं काढून पांढरं करता का?
बँकेत दोन लागतात."

रविवारी दुकान बंद असतं. उघडलं.
टेकडी काढली, गवत काढलं.
सावली मी स्वतः रंगवली होती,
ती काढताना जरा थांबले.
आठांचं पान छापलं, कात्रीनं कापलं,
पाकिटावर त्यांचं नाव लिहिलं.
पांढऱ्यावर, डाव्या कानाच्या पाळीला
थोडी संध्याकाळ चिकटून राहिली होती.

बँकेनं हरकत घेतली नाही.